उजव्या चाकाचा कल

१२ मे, रविवार

ही वही माझ्या म्हाताऱ्याची. पुढच्या पानांवर त्यानं चौतीस वर्षं लोकांच्या गाड्यांचे आकडे लिहिले. ओळंबा धरायला मी असायची, पण माझं नाव एकाही पानावर नाही. मागची पानं कोरी राहिलीत, ती आता माझी. शाळा चौथीपर्यंत झाली, अक्षर कोंबडीच्या पायाचं. वाचायला येणार आहे कोण!

लिहायचं कारण खेथा. माझा नातू, वय सव्वीस. त्याचे आईबाप दहा वर्षांपूर्वी एकाच साली गेले. कशानं गेले ते आमच्या घरात कोणी तोंडानं काढत नाही. बाप मागे एक चौकोनी गाडी ठेवून गेला. इथं आमच्या काटलेहोंग वस्तीत या गाडीला सगळे गुशेशे म्हणतात आणि देवळापेक्षा जास्त मान देतात. आज खेथानं तिची चौदा इंची चाकं काढून सतरा इंची घातली.

"गोगो, कशी दिसते?"

"बैलाला लग्नातले बूट घातल्यासारखी."

गोगो म्हणजे मी, आजी. आता तर अख्खी गल्लीच मला गोगो म्हणते, देणंघेणं काही नसताना.

चोवीस सप्टेंबरच्या सुट्टीला मोठ्या मैदानात गाड्या गिरकवतात. खेथाला तिथं गाडी गोल फिरवत ठेवून स्वतः खाली उतरायचंय. हा मधे उभा राहणार आणि गाडी एकटी याच्याभोवती फिरणार. बापही हेच करायचा. पण स्टिअरिंग पूर्ण वळवलं की मोठा टायर मडगार्डला घासतो. उपाय एकच, चाकाचा माथा आत झुकवायचा. पोरं त्याला कॅम्बर म्हणतात, आम्ही आपलं कल म्हणायचो. बॉनेटखाली तीन नट ढिले करायचे, दांडा आत ढकलायचा, पुन्हा आवळायचं. मग दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडायचा आणि रिमची वरची कड दोऱ्यापासून खालच्या कडेपेक्षा किती जास्त आत आहे ते पट्टीनं मोजायचं.

मोजताना सीटवर माणूस हवाच, हा म्हाताऱ्याचा नियम. वजन पडलं की गाडी बसते आणि कल बदलतो. खेथाला बसवलं. म्हाताऱ्याचा आकडा आठ मिलिमीटर, तो लावला. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला. घासतंय.

१९ मे, रविवार

चूक माझी निघाली. आठ हा आकडा लहान चाकाचा. चाक मोठं झालं की तेवढ्याच कलाला पट्टीवर जास्त यायला हवं. खेथानं फोनवर गणित करून दाखवलं, पावणेदहा. म्हातारा जिवंत असता तर मी त्याला बोलले असते, की बाबा, असं काही असतं हे सांगायचंस तरी.

पावणेदहा लावलं. आवळल्यावर नटांवर पांढऱ्या रंगाची रेघ मारली, हलला तर कळावा म्हणून. घासत नाही. खेथानं मला कडेवर उचललं. मी म्हटलं, ठेव खाली, हाडं मोडली तर तूच भरवत बसशील.

१६ जून, रविवार

थंडी, इकडे जून म्हणजे भर हिवाळा. महिन्याभरानं पुन्हा मोजलं, कारण नवीन काम बसायला वेळ घेतं. उजवीकडे सव्वानऊ. डावीकडे जवळपास होतं तेवढंच. उजवी बाजू ड्रायव्हरची, तिथंच कसा कमी झाला?

"गोगो, तू मागच्या वेळेसारखं चुकलीस," खेथा सीटवरूनच म्हणाला.

"मी एकदा चुकले म्हणून जन्मभर चुकणार का?"

पुन्हा मोजलं. सव्वानऊच. परत पावणेदहा करायला निघाले तर म्हणाला राहू दे, घासत तर नाही.

दोन स्वेटर आणि वर कोट घालून बसला होता. मी वजडी केली होती, त्याची आवडती. चार घास खाल्ले आणि ताट सरकवलं. पोरीबिरीच्या नादात असेल. बाप असाच होता, प्रेमात पडला की जेवण टाकायचा आणि आम्हाला वाटायचं जंत झालेत.

१८ जुलै, गुरुवार

खेथा सकाळी धुतलेला शर्ट घालून कामावर गेला. गोदामात पेट्या उचलायला इस्त्रीचा शर्ट कशाला लागतो? दुपारीच परत आला. कोपराच्या आतल्या बाजूला कापूस चिकटवलेला.

"हे काय?"

"रक्त देऊन आलो."

म्हटलं, बरं केलंस, कोणाच्या तरी उपयोगी पडलास एकदाचा.

हसला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला, अगदी रात्रीच्या जेवणापर्यंत. तरणाताठा माणूस आणि बाटलीभर रक्तानं आडवा.

२१ जुलै, रविवार

पावणेनऊ. आता मात्र माझं डोकं फिरलं. वरचं बेअरिंग झिजलं असेल म्हणून सोलीला गाडीखाली घातलं. सोली म्हणजे खेथाचा दोस्त. बाकी सगळं याच्यात डब्बल आहे, अक्कल सोडून. नवीन बेअरिंग बसवलं, नट पुन्हा रेघेवर आणून आवळले, मोजलं. पावणेनऊ.

"चाकंच वाकडी आहेत," मी म्हटलं. "चकचकीत बघून घेतलीस. बायकोही अशीच आणशील."

सोलीनं खेथाकडे बघितलं. खेथा पट्ट्याला खिळ्यानं नवीन भोक पाडत बसला होता. एरवी माझ्या एका शब्दाला दहा शब्द येतात.

५ ऑगस्ट, सोमवार

डोळे दाखवायला दवाखान्यात गेले. खेथाच म्हणाला, गोगो, पट्टी नीट दिसत नाही तुला, जा एकदा. पाच तास रांगेत. सिस्टर म्हणाली, एका डोळ्यात जरा मोतीबिंदू धरतोय, पण जवळचं ठीक दिसतं तुम्हाला. तरी चष्मा दिला.

निघताना तिनं विचारलं, "खेथा कसा आहे?"

"आळशी झालाय. झोपून असतो."

ती काही तरी बोलणार होती. मग पुढच्या माणसाला हाक मारली.

या पोरींना तीनतीन वर्षं शिकवतात आणि बोलायचं शिकवत नाहीत.

१८ ऑगस्ट, रविवार

चष्मा लावून मोजलं. सव्वाआठ. दोन वेळा, तीन वेळा. ओळंब्याचा दोरा बदलला. अंगणातल्या फरश्या पाण्याच्या नळीनं तपासल्या, सपाट आहेत. सव्वाआठ.

मी खेथावर ओरडले. दुकानदाराला शिव्या दिल्या, चाकं घडवणाऱ्याला दिल्या, सोलीलाही दिल्या, तो हजर नसताना. खेथा गाडीतून उतरला तो मडगार्डला टेकून उभा राहिला.

"सोड आता, गोगो. तू म्हातारी झालीस. हात थरथरतो तुझा."

असं मला कोणी बोललेलं नाही. म्हातारासुद्धा नाही. मी आत गेले आणि भांडी घासली. घासलेलीच होती.

झाली असेन म्हातारी. आकडे मला फसवायला लागले असतील. म्हाताऱ्याचंही शेवटी असंच झालं होतं, सात म्हणायचा आणि नऊ लिहायचा.

३१ ऑगस्ट, शनिवार

सोली जॅक मागायला आला. खेथा घरी नव्हता. मला वाटलं, होऊन जाऊ दे, माझा हात थरथरतो का ते बघू. सोलीला म्हटलं, बस सीटवर.

"मी कशाला?"

"बस म्हटलं ना. तुझं ढुंगण तिथं मावतंय तोवर बस."

बसला. गाडी कण्हली. मोजलं, साडेअकरा.

त्याला उतरवलं. बॉनेट उघडलं. तीन नट, तीन पांढऱ्या रेघा. जिथं मारल्या होत्या तिथंच, केसभरही इकडेतिकडे नाहीत. चाक हललेलं नाही. चाक कधीच हललं नव्हतं.

सोलीला विचारलं, "तुझं वजन किती?"

"शंभरच्या आसपास असेल. का गं?"

मी घरातून मक्याच्या पिठाचं पोतं आणायला सांगितलं. पन्नास किलोचं, न फोडलेलं. सोलीनं ते सीटवर ठेवलं. मी मोजलं. सव्वाआठ.

मे महिन्यात खेथा सत्तर किलोचा होता.

सोली दाराशी उभा राहून रडत होता. म्हणजे याला माहीत होतं. मी म्हटलं, पोतं आत नेऊन ठेव, आणि जॅक ने, त्यासाठी आला होतास ना.

१ सप्टेंबर, रविवार

खेथाला समोर बसवलं. म्हटलं, कोट काढ. नाही म्हणाला. मी काढला. लहानपणी अंघोळ घालताना याच्या बरगड्या कधी दिसल्या नव्हत्या, गुबगुबीत होता. आता पोटाच्या एका बाजूला गाठ हाताला लागते.

"कधीपासून?"

"एप्रिल."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"उशीर झाला म्हणतात. तरी औषध सुरू केलं होतं. तीन गुरुवार गेलो. त्यानं हात कापायला लागले, स्टिअरिंग धरता येईना. म्हणून सोडलं."

"स्टिअरिंग धरता येईना म्हणून!"

"गोगो, ते औषध मला तीन महिने जास्त देणार होतं. खाटेवरचे तीन महिने. मला एक दिवस हवाय, उभं राहून."

मी त्याच्या थोबाडीत मारली. हलकीच बसली, हात उचलतानाच माझ्या लक्षात आलं की हा पडेल.

"मला पाच तास रांगेत बसवलंस. मला म्हातारी म्हणालास. आंधळी ठरवलंस मला."

"तुला कळलं असतं तर तू गाडीची किल्ली विहिरीत टाकली असतीस."

"इथं विहीर आहे कुठं?"

"तू खणली असतीस."

मग आम्ही दोघं हसलो. पुढचं लिहीत नाही.

शेवटी ठरलं ते असं. तो उद्या इस्पितळात भरती होणार, दुखणं कमी करायचं औषध घेणार, आणि चोवीस तारखेला डॉक्टरांकडून एक दिवस मागून आणायचा. बदल्यात मी चाक लावायचं.

"आत्ताचं वजन धरू नकोस," खेथा म्हणाला. "अजून तीन आठवडे आहेत. मी आणखी उतरेन. तेवढं धरून लाव."

"किती धरू?"

त्यानं बोटावर मोजलं, बाजारात कांदे घेताना मोजतो तसं. "पंचेचाळीस धर."

संध्याकाळी मी डब्यानं पीठ काढून पोतं पंचेचाळीसवर आणलं, सीटवर ठेवलं, नट ढिले केले आणि पावणेदहा लावलं. खेथा खुर्चीवर बसून बघत होता. म्हणाला, "बरोबर आला का?" म्हटलं, आला.

नटांवर या वेळी रेघ मारली नाही. मला तपासायचं नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार

इस्पितळ. दोन टॅक्स्या बदलून जाते. मक्याची पातळ पेज आणि आंबट दूध नेते, तो चमचाभर घेतो आणि छान झालंय म्हणतो. लहानपणी मी केलेल्या प्रत्येक गोष्टीला नावं ठेवायचा. मला ते बरं वाटायचं, आता कळतं.

नर्स रोज त्याला काट्यावर उभा करते. मी बाहेर जाते.

२१ सप्टेंबर, शनिवार

खेथा गेला. दुपारी दोन वाजता. मला म्हणाला, गोगो, चहा हवा, दोन चमचे साखर. मी चहा घेऊन आले. चहा मी प्यायले.

२४ सप्टेंबर, मंगळवार

आज सुट्टी. मैदानाकडून दिवसभर टायर किंचाळल्याचा आवाज येतोय. खिडकी लावून घेतली तरी येतो.

२५ सप्टेंबर, बुधवार

घरातलं सामान बाहेर काढलंय. आरसा उलटा टांगलाय, जमिनीवर गादी घातलीय आणि मी गादीवर आहे. दफन होईपर्यंत घरातल्या मोठ्या बाईनं गादीवरून उठायचं नाही, भेटायला येणाऱ्यांकडून चार शब्द ऐकायचे. रस्त्यात तंबू लागलाय. माझी नणंद दुदू पहाऱ्याला बसलीय. ती मला माहेरच्या कुळावरून माम्बाथा म्हणते आणि गादीची घडी मोडली तरी ओरडते.

सोली आला. टोपी हातात धरून दाराशी बसला. गाडी गिरकवणारा माणूस मेला की त्याची गाडी त्याच्यासमोर फिरवतात. शवपेटी घरातून निघायच्या आधी, रस्त्यात. ते करायचं ठरलंय म्हणाला. चालवणार सोली.

"तू बसलास तर गाडी फार खाली बसेल, टायर मडगार्डला घासेल," मी म्हटलं. "पहिल्याच फेरीत फुटेल."

"म्हणून तर आलोय, गोगो. माझ्या वजनाला लावून देशील?"

"नाही."

"मग मी खालून करतो, तू इथूनच सांग."

"त्या नटांना हात लावलास तर तुझ्याही घरी गादी घालावी लागेल."

दुदू म्हणाली, "माम्बाथा! मेलेल्याच्या घरात काय बोलतेस!"

सोली मान खाली घालून गेला. मला माहीत आहे की गाडी फिरायला हवी. खेथाला एक दिवस हवा होता, उभं राहून. तो मी दिला नाही, डॉक्टरांनी दिला नाही, कोणीच दिला नाही. पण ते चाक पंचेचाळीस किलोवर आहे. त्यानं स्वतः बोटावर मोजून सांगितलेले पंचेचाळीस. ते मोडून मी शंभर किलोचा सोली बसवू?

२७ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी पेटी घरी आली. पेटी आत नेली आणि मी गादीवरून उठले.

दुदू आडवी आली. "कुठं?"

"अंगणात."

"लोक काय म्हणतील? उद्या दफन आहे आणि बाई गाडीखाली!"

"म्हणू देत. गाडीखाली नाही, बॉनेटखाली. तुला चाळीस वर्षांत एवढाही फरक कळला नाही."

सोलीला बोलावलं. म्हटलं, "तू गाडी सुरू करायची, गोल धरवायची आणि खाली उतरायचं. पहिल्या अर्ध्या फेरीत घासलं तर घासू दे. पुढं ती एकटीच फिरेल."

"मग कल कोणाच्या वजनाला लावायचा?"

"कोणाच्याच नाही."

कळायला त्याला जरा वेळ लागला. मग म्हणाला, "बरं, गोगो."

सीटवरचं पोतं महिनाभर तिथंच होतं. सोलीनं ते उचललं आणि कुठं ठेवू म्हणून विचारलं. म्हटलं, स्वयंपाकाच्या बायकांना दे, उद्या शंभर माणसं जेवायला आहेत.

गाडी जॅकवर घेतली, नट ढिले केले, दांडा सरकवला, खाली घेतली, दोनदा पुढंमागं ढकलून बसू दिली. मोजायला वाकले तर ओळंबा धरायला कोणी नव्हतं. सोलीचे हात ग्रीसनं माखलेले.

दुदूनं शाल खोचली. "दे इकडं तो दोरा. कसा धरायचा?"

"हलू नकोस म्हणजे झालं."

"मी कशाला हलतेय? तूच हलतेस."

खरं होतं, हात माझाच हलत होता. पट्टी दोन वेळा पडली. तिसऱ्या वेळेला लागली. पावणेदहा.

दुदूनं विचारलं, "झालं?" म्हटलं, झालं. तिनं मला धरून परत गादीवर आणून बसवलं, आणि हात धुवायला पाणी आणलं, आणि ग्रीस निघेना म्हणून मला शिव्या घालत स्वतःच घासत बसली.

२८ सप्टेंबर, शनिवार

सकाळी आठला पेटी दारात आणली. रस्ता दोन्हीकडून माणसांनी भरलेला. पोरं भिंतींवर, छपरांवर. पाद्री जरा लांबच उभा राहिला, त्याला हे पसंत नाही.

सोलीनं गाडी काढली. पूर्ण वळवली, घासली, चर्रकन आवाज आला आणि रबराचा वास. मग मागची चाकं सुटली, धूर झाला, गाडी गोल धरली. सोली दार उघडून उतरला. एवढा जाडा माणूस, पण उतरला मात्र हलक्या पायानं, खेथानंच शिकवलेलं असेल. घासायचं थांबलं. गाडी एकटी फिरायला लागली, एकसारखी, दोऱ्यानं बांधल्यासारखी. कुठं आत नाही, कुठं बाहेर नाही.

सोली मधे उभा होता. त्यानं माझ्याकडे हात केला. दुदू म्हणाली, जाऊ नकोस, माम्बाथा. गाडी पलीकडे गेल्यावर मी गोलात शिरले आणि सोलीचा हात धरला.

मधे उभं राहिलं की गाडी दर खेपेला समोरून जाते. दार उघडंच होतं, ते फडफडत होतं. आत सीट दिसायची. मग मागची चाकं, मग धूर, मग परत सीट. पोरं शिट्ट्या मारत होती, खेथाच्या नावानं ओरडत होती. सोली मोठ्यानं रडत होता. मी उजव्या चाकाकडे बघत होते. काम चोख झालं होतं.

किती फेऱ्या झाल्या माहीत नाही. डोळ्यांत धूर गेला. पुन्हा सीट समोर आली तेव्हा मी म्हटलं, "खेथा, पुरे आता. उतर."

गाडी पुढं गेली आणि परत आली. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं.

शेवटी सोलीनं माझा हात सोडला आणि पळत जाऊन ती थांबवली.